द्वारा आक्का चहावाली

होळीच्या आधीच्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी सायकलवरून वीटभट्टीच्या वळणाला लागलो, तर शेवंता रस्त्याच्या मधोमध उभी. शेवंता म्हणजे वस्तीतली विड्या वळणारी बाई, आक्काची शेजारीण. इतक्या वर्षांत ती काम टाकून रस्त्यावर आलेली मी कधी पाहिली नव्हती. मांडीवर सूप आणि बोटांत विडीचं पान, असंच तिला पाहायची सवय. तिनं सायकलचं हँडल धरलं आणि म्हणाली, "पोष्टभाऊ, आक्का गेली." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?" ... तीन दिवस आक्का दवाखान्यात होती, मीच तिला पोचवून आलो होतो, आदल्या दिवशी भेटूनही आलो होतो, तरी तोंडातून तेच निघालं. त्या वेळी माझ्या पिशवीत वस्तीची सहा पत्रं होती. सहाही पत्रांवर पत्ता एकच होता : द्वारा आक्का चहावाली, वीटभट्टीमागे, अहमदनगर.

आता पाडवाही होऊन गेला. पेपरच्या पुरवणीत मोठमोठ्या माणसांवर लेख येतात, ते मी आवडीनं वाचतो. आक्का तशी मोठी नव्हती. तिची तर वस्तीसुद्धा कुठल्या नकाशात नव्हती. तिच्यावर लिहायला बसलो त्याला कारण आहे. मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती तोंडानं सांगायला गेलो की तोंड भलतंच बोलून जातं. लिहिताना निदान हात तरी चालतो.

आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे हे बीट, म्हणजे पत्रं वाटायचा हा भाग, आला. आमचं घराणं सोनईचं, वडील मास्तर, त्यामुळे अक्षर चांगलं आणि पाठांतर त्याहून चांगलं. आणि त्याचा गर्व सगळ्यांत चांगला, असं माझी बायको म्हणते. कुठल्या घरी कोण राहतं, कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा मुलगा मिलिटरीत आहे, हे मला तोंडपाठ असायचं. फक्त वीटभट्टीमागच्या वस्तीपुढं माझं काही चालायचं नाही. तिथल्या घरांना नंबर नव्हते, गल्ल्यांना नावं नव्हती, आणि दिवसा तिथं माणूसही सापडायचं नाही. जो तो भट्टीवर, नाही तर हमालीला. मग मी नियमाप्रमाणे करायचो. पत्र आठवडाभर पोष्टात ठेवायचं, कुणी आलं नाही तर पत्ता अपुरा म्हणून परत लावायचं. असं काही महिने चाललं. एक दिवस वळणावरच्या चहाच्या टपरीतून एक बाई बाहेर आली, पन्नाशी ओलांडलेली, काटक, हातात गाळणं तसंच. माझ्या सायकलपुढं उभी राहून म्हणाली, "व्हय हो, आमच्या वस्तीची पत्रं तुमी गिळता का काय?"

मी तिला नियम सांगितला. तिनं तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाली, "आसं करा. समद्यांची पत्रं माझ्यापाशी टाकत जा. मी हितंच असते, मरंस्तवर कुठं जायची न्हाई." मी म्हणालो, नियमात तसं बसत नाही. "मग चहाला तरी बसा," म्हणाली, "नियम ऱ्हाऊ द्या उभा." मी बसलो. दोन घोटांत मलाच वाटायला लागलं की पत्रावर तिचं नाव 'द्वारा' म्हणून असेल तर नियमात बसेल की! तिनं ते त्याच दिवशी घरोघर जाऊन सांगितलं. वस्तीतल्या प्रत्येकानं आपापल्या गावी, कुणी खर्ड्याला, कुणी घोडेगावला, कुणी अजून कुठं निरोप धाडला की इथून पुढं पत्ता असा लिहा. महिन्याभरात पत्रं यायला लागली, द्वारा आक्का, द्वारा आक्का ... आमच्या पोष्टात सॉर्टिंगच्या टेबलावर तिचं नाव कलेक्टरसाहेबांच्या खालोखाल ऐकू यायचं.

आक्काला वाचता येत नव्हतं. त्यावर तिनं शोधलेली युक्ती मला अजूनही अचंब्याची वाटते. टपरीची मागची भिंत फळांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेली होती. त्या भिंतीवर तिनं घरागणिक एक खिळा मारून घेतला. पहिल्या गल्लीची घरं वरच्या फळीवर, दुसऱ्या गल्लीची त्याखालच्या, ओढ्याकाठची सगळ्यांत खाली, आणि घरं जशी ओळीनं उभी तसे खिळेही ओळीनं. मी पत्र हातात देताना फक्त नाव सांगायचं, ती बरोबर त्या खिळ्याला अडकवायची. संध्याकाळी माणसं कामावरून येताना आपापल्या खिळ्याकडे बघत यायची. कुणी गाव सोडून गेलं तरी ती खिळा उपटायची नाही. म्हणायची, "येईल की माघारी. आल्यावर घर दिसलं न्हाई तर कसं वाटंल त्याला?"

एकदा तिच्या डोक्यात आलं की घरांना खरंच नंबर मिळवायचे. "नंबर आसला म्हंजी नळ येतो, रॉकेलचं कार्ड येतं, आजाऱ्याला न्यायला गाडी येती," ती बोटांवर मोजत सांगायची. "आपल्याकडं नुसती माशी येती." रस्त्यापलीकडच्या कॉलनीत घरोघर नळ होते. वस्तीतल्या बायका तिथं हंडा घेऊन गेल्या की फाटक लागायचं. मी नगरपालिकेला अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे घेतले. काही दिवसांनी एक साहेब येऊन वळणावर उभे राहिले, रुमाल नाकाला लावून वस्तीकडे बघितलं, आक्काच्या हातचा चहा नको म्हणाले आणि गेले. मग उत्तर आलं. सदर जागेवर वस्ती असल्याची नोंद नाही, सबब नंबर देता येत नाहीत, असं त्यात होतं. आणि पाकिटावर लिहिलं होतं, 'समस्त रहिवासी, द्वारा आक्का चहावाली'. मी वाचून दाखवल्यावर आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. "आरं, वस्ती न्हाई तर ह्यांनी कागद धाडला कुनाला?" म्हणाली. मी विचारलं, हे कुठल्या खिळ्याला लावू? तिनं माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि चुलीत सारलं.

ठसक्याचं म्हणाल तर त्या वस्तीत कोण खोकत नव्हतं! भट्टीचा धूर दिवसभर तिकडेच वाहायचा. मग दुष्काळाची ती दोन वर्षं आली. जामखेडकडची माणसं गाठोडी बांधून नगरला यायला लागली. वस्ती दुप्पट झाली आणि भिंतीवर जागा उरेना. पुरुष खडी फोडायला दूरच्या कामांवर, बायका इथं, त्यामुळे पत्रंही दुप्पट. टँकर मोठ्या रस्त्यावर थांबायचा, आत यायचा नाही, कारण आत कुठं जायचं हे त्याच्या कागदावर लिहिलेलं नसायचं. आक्का सकाळी दोन हंडे भरून आणायची, त्यात तिचा चहाही व्हायचा आणि वस्तीतल्या बाळंतिणीचं पाणीही तापायचं. मी दुपारी तिथं अर्धा तास बसून बायकांना पत्रं वाचून दाखवायचो. आक्का पातेल्यापाशी बसून ऐकायची, आणि नवऱ्यानं पत्रात बायकोला काही लागट लिहिलं असलं की मला डोळ्यानं खुणावायची, तेवढं गाळ म्हणून. मी गाळायचो. तोवर आम्ही दोघंही तुम्ही सोडून 'तू'वर आलो होतो. माझी स्वतःची थोरली बहीण लहानपणीच गेली. आक्कानं मला कधी बहीण म्हणवून घेतलं नाही, पण दिवाळीला घरून फराळ आणला नाही तर दोन दिवस बोलायची नाही.

गेल्या आषाढानंतर तिच्यात दोन बदल झाले. दोन्ही माझ्या नजरेला पडले आणि दोन्हीकडे मी बघितलं नाही. एक म्हणजे तिनं रोजचा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी नावं सांगत सगळी पत्रं दिली की ती क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "आज काई जास्तीचं?" मी म्हणायचो, "नाही आक्का, एवढंच." मला वाटायचं, बाईला कामाची सवय लागली, पत्रं कमी आली तर करमत नाही. मी थट्टाही करायचो, की तुला आता पोष्टमास्तर करायला हवं. दुसरा बदल म्हणजे दाराजवळच्या फळीवर, बाकी सगळ्या ओळी सोडून, एक नवा खिळा दिसायला लागला. बसल्या जागेवरून हाताला येईल असा. मी चहाला बसताना माझी खाकी टोपी त्याला अडकवली. आक्कानं उठून ती काढली आणि माझ्या हातात दिली. "तितं नगं भाऊ, मांडीव ठिव." दुसऱ्या दिवशी मी विसरून पुन्हा तिथंच अडकवली, तिनं पुन्हा काढली. असं पोळ्याच्या पुढंमागंपर्यंत चाललं. पुढं ती काढेनाशी झाली. मला वाटलं, कंटाळली. मग टोपी तिथंच राहायला लागली.

आता मूळ गोष्ट. पोळ्याच्या आसपासच एका सकाळी सॉर्टिंगच्या टेबलावर माझ्या सोबत्यानं एक लांब पाकीट पुढं केलं. सरकारी, खाकी, कुठल्याशा दवाखान्याच्या शिक्क्याचं. वर नाव होतं 'श्रीमती भागीरथी किसन ढगे, वीटभट्टीमागे, अहमदनगर'. द्वारा वगैरे काही नाही. मी म्हणालो, "या नावाचं तिथं कुणी नाही." तो म्हणाला, "विचारून तरी बघ." मी म्हणालो, "विचारायचं कशाला? त्या वस्तीतलं नाव नि नाव मला पाठ आहे." आणि तिथंच उभ्या उभ्या, लाल शाईनं, माझ्या त्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'या नावाची व्यक्ती या वस्तीत राहत नाही', आणि खाली सही ठोकली. मग वस्तीची बाकीची पत्रं घेऊन आक्काकडे गेलो. तिनं ती खिळ्यांना लावली आणि विचारलं, "आज काई जास्तीचं?" मी म्हणालो, "नाही आक्का, एवढंच."

फाल्गुनात एका सकाळी गेलो तर टपरीत चूल नुसतीच धगधगत होती आणि आक्का फळ्यांना टेकून बसली होती. पदर तोंडाशी होता आणि पदराला रक्त होतं. शेवंता तिला धरून होती. मी पत्रांची पिशवी तिथंच टाकली आणि टांगा बघायला मोठ्या रस्त्याला धावलो. टांगेवाला म्हणाला, आत चाक रुततं, पेशंटला इथवर आणा. शेवटी आक्काला माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसवलं, मी हँडल धरून चाललो आणि शेवंता मागून तिला कवेत धरून चालली. ती इतकी हलकी झाली होती की सायकल रिकामीच चालवत नेतोय असं वाटलं. रोज समोर बसून चहा प्यायलो, पण लुगड्याच्या आत बाई किती वाळली आहे ते मला कळलं नव्हतं.

दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत कारकुनानं विचारलं, "नाव?" मी म्हणालो, "आक्का." त्यानं मान वर केली. "पूर्ण नाव सांगा." मी शेवंताकडे बघितलं, मग आक्काकडे. आठ वर्षं मी रोज तिच्या नावाची पत्रं वाहिली आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. बाकावर आडवी झालेल्या आक्कानं डोळे मिटूनच सांगितलं, "भागीरथी किसन ढगे."

ते लांब पाकीट, त्याचा खाकी रंग, लाल शाई, माझी सही ... सगळं जसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहिलं. माझ्या पाठांतराची मला त्या दिवशी पहिल्यांदा किळस आली.

बाकीचं मला शेवंतानं तिथंच बाकावर बसून सांगितलं, हळू आवाजात. आषाढात आक्का तिला घेऊन क्षयाच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टर म्हणाले, घरी राहून हे बरं व्हायचं नाही, दाखल व्हावं लागेल, पण खाट मोकळी नाही. यादीत नाव घालतो, जागा झाली की पत्र टाकू, पत्र घेऊन या, पत्राशिवाय येऊ नका. कारकुनानं पत्ता विचारला. आक्कानं सांगितलं, आक्का चहावाली. तो म्हणाला, टोपणनाव चालत नाही. मग तिनं खरं नाव सांगितलं. तो म्हणाला, घराला नंबर नाही तर द्वारा कोण ते सांगा. आक्का म्हणाली, "द्वारा मीच की." तो हसला आणि त्यानं नुसतंच वीटभट्टीमागे असं लिहिलं. परत येताना आक्कानं शेवंताला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, पोष्टभाऊला तर नाहीच. क्षय म्हटल्यावर टपरीवर कोण येईल? आणि माणसं यायची थांबली तर वस्तीची पत्रं कुठं यायची? शेवंता तिला म्हणाली होती, निदान तुझं खरं नाव तरी पोष्टभाऊच्या कानावर घाल. त्यावर आक्का म्हणाली होती, "काई गरज न्हाई. वस्तीचा एक बी कागद त्यो हुकवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तपासायला आलेला तरुण डॉक्टर मला नातेवाईक समजला. म्हणाला, "सहा महिने आधी आणायला हवं होतं हो."

सोमवारी दुपारी बीट संपवून मी गेलो, ती आमची शेवटची भेट. वाटेत मी ठरवलं होतं की आज सांगायचंच. तिच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि सांगायचं, आक्का, तुझं पत्र आलं होतं, मी ते परत लावलं. मी स्टूल ओढून बसलो. ती वाळून काडी झाली होती, पण बोलणं चालू होतं आणि सगळं भिंतीचं. ओढ्याकाठच्या तिसऱ्या खिळ्यावर एक कार्ड चार दिवस पडून आहे, त्या पोरीला वाचता येत नाही आणि ती विचारायला लाजते, तिला हाक मारून वाचून दाखव. वरच्या फळीचा शेवटचा खिळा हलतोय, नीट ठोकून घे. मी हो हो म्हणत राहिलो. मग म्हणालो, "आक्का, मला तुला एक सांगायचं होतं ..." तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे एकदम मोठे झाले. म्हणाली, "आज काई जास्तीचं हाय का?"

आणि मी म्हणालो, "नाही आक्का. एवढंच."

का म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही. भित्रा होतो म्हणून, असं मी रात्रंदिवस स्वतःला सांगतो आणि ते खरंच असावं. तिनं मान हलवली, माझा हात दोन बोटांनी थोपटला आणि म्हणाली, "जा, तुजा चहा ऱ्हायला आसंल."

आक्का गेल्यावर पोष्टात मी साहेबांना सगळं सांगितलं. ते भले माणूस आहेत. म्हणाले, नियमाप्रमाणे चौकशी करायला हवी होती, पण आता बोलून काय उपयोग. मग म्हणाले, तिच्या द्वारा येणाऱ्या पत्रांवर 'मयत' असा शेरा मारून ती परत लावायला हवीत. मी नाही म्हणालो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. त्यांनी विषय वाढवला नाही. त्यामुळे अजूनही वस्तीची पत्रं द्वारा आक्का येतात. शेवंता सकाळी विड्यांचं सूप घेऊन टपरीत येऊन बसते, चहा टाकते, आणि मी नाव सांगितलं की पत्र खिळ्याला लावते. हलणारा खिळा मी ठोकून दिला. त्या पोरीला कार्ड वाचून दाखवलं. तिच्या आईनं नुसती खुशाली कळवली होती.

मागच्या आठवड्यात भूमकडचं एक नवं बिऱ्हाड वस्तीत आलं. त्यातली बाई टपरीत येऊन म्हणाली, आमाला बी एक खिळा द्या. मी चहा पीत होतो. दाराजवळच्या फळीकडे बोट करून म्हणालो, "हा घ्या की, हा मोकळाच आहे. माझी टोपी काय, कुठंही राहील."

शेवंताचे हात विडीवर थांबले. "त्यो नगं," म्हणाली. "त्यो आक्काचा हाय. आखाडात दवाखान्यातनं आली त्याच दिशी ठोकला तिनं. म्हनली, येवढ्या वरसांत पैल्यांदा माझ्या नावाचा कागद येनार हाय, भाऊनं आनला तर अडकवायचा कुठं?"

टोपी त्याच खिळ्यावर होती. मी उठून ती काढली आणि मांडीवर ठेवली. नव्या बिऱ्हाडाला खालच्या फळीवर खिळा मारून दिला.

लाल शाईचं मी शेवंताला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, दवाखान्यातून पत्र आलंच नाही. हा लेख छापून आला तर तो तिला वाचून दाखवायला मलाच बसावं लागेल, आणि या वेळी मला काही गाळायचं नाही. वाचून झाल्यावर ती काय म्हणेल, मला परत त्या टपरीत पाऊल टाकू देईल की नाही, ठाऊक नाही. पण निघण्याआधी हा कागद मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा आहे. यावर भागीरथी किसन ढगे हे नाव आहे.